दोन दूरची शहरं, हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"विमानानं किती किलोमीटर आणि किती तास?" हा प्रश्न लोक एका दमात विचारतात. त्यातली दोन उत्तरं मात्र अगदी वेगळ्या जातीची आहेत. अंतर एकदा मोजलं की आज आहे तेच उद्याही राहतं. वेळ दिशेवर, वाऱ्यावर, ऋतूवर, कोणत्या देशाच्या आकाशातून जाता येतं यावर आणि शेवटी दोन्हीकडच्या घड्याळांवर ठरतो. खालचे बहुतेक प्रश्न या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्यामुळेच पडतात.

हवाई अंतर म्हणजे नेमकं कोणतं अंतर?

पृथ्वीच्या पृष्ठभागावरून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याची सर्वांत जवळची वाट, तिची लांबी. पृथ्वीगोल घ्या, दोन शहरांवर दोऱ्याची दोन टोकं धरा आणि दोरा ताणा. तो आपोआप जिथे स्थिरावतो तीच ही वाट. ती दोन्ही बाजूंनी पुढे वाढवत नेली की पृथ्वीचे बरोबर दोन अर्धे करणारं वर्तुळ मिळतं. त्याला बृहद्‌वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे एक बृहद्‌वृत्त आहे. इतर अक्षवृत्तं मात्र बृहद्‌वृत्तं नाहीत, आणि नकाशा पाहताना होणाऱ्या गोंधळाचं मूळ इथेच आहे.

पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किमी आहे. म्हणजे जगातली कोणतीही दोन शहरं एकमेकांपासून सुमारे २०,००० किमीपेक्षा जास्त दूर असूच शकत नाहीत. त्या टोकाच्या जवळ जाणाऱ्या जोड्या थोड्याच आहेत. माद्रिद आणि वेलिंग्टन यांच्यात सुमारे १९,८५० किमी, तर सिंगापूर आणि कीटो (इक्वेडोरची राजधानी) यांच्यात सुमारे १९,७०० किमी अंतर आहे. ही शहरं पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांना आहेत.

नकाशावर सरळ रेष दिसत असताना विमान वळसा घालून का जातं?

विमान वळसा घालत नाही. वळसा नकाशा घालतो.

पृथ्वी गोल आहे आणि कागद सपाट. गोलावरचं सगळं कागदावर आणायचं तर कुठेतरी ताणावं लागतं. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात, म्हणजे मर्केटरच्या प्रक्षेपणात, ध्रुवांकडचा भाग भलताच रुंद होतो. ६० अंश अक्षवृत्ताची खरी लांबी विषुववृत्ताच्या निम्मी आहे, पण नकाशात दोन्ही रेषा सारख्याच लांब दिसतात. त्यामुळे या नकाशावर पट्टी ठेवून आखलेली रेष सोपी दिसली तरी जवळची नसते.

फिनलंडमधलं हेलसिंकी आणि अलास्कातलं अँकरेज ही जोडी बघा. दोन्ही शहरं ६० अंश उत्तर अक्षवृत्ताच्या आसपास आहेत आणि त्यांच्या रेखांशांत जवळजवळ १७५ अंशांचा फरक आहे. नकाशावर ती दोन विरुद्ध कडांकडे दिसतात. अक्षवृत्त धरून एकाकडून दुसऱ्याकडे गेलं तर साडेनऊ हजार किलोमीटरांहून जास्त प्रवास होईल. पृथ्वीगोलावर दोरा ताणला तर तो सरळ उत्तर ध्रुवाजवळून जातो आणि अंतर भरतं सुमारे ६,५०० किमी. तीन हजार किलोमीटरांची बचत होते, ती केवळ नकाशावरचा विश्वास सोडल्यामुळे.

लंडनहून लॉस एंजेलिसला जाणारं विमान ग्रीनलंडच्या बाजूनं का जातं, टोकियोहून न्यूयॉर्कला जाताना अलास्का का येतं, याचं उत्तर हेच. दक्षिण गोलार्धात हे आरशासारखं उलटतं. सिडनी आणि सांतियागो (चिलीची राजधानी) ही दोन्ही शहरं ३३-३४ अंश दक्षिण अक्षांशावर आहेत, पण त्यांच्यामधली जवळची वाट ६० अंश दक्षिणेच्याही खाली, अंटार्क्टिकाच्या दिशेनं झुकते.

घरात लहान मूल असेल तर त्याला दोरा आणि पृथ्वीगोल देऊन हे जरूर करायला लावा. मला स्वतःला हा विषय त्या दोऱ्यामुळेच आवडायला लागला.

हे अंतर मला घरी काढता येईल का?

येईल. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश आणि त्रिकोणमिती येणारा कॅल्क्युलेटर एवढं पुरे.

दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइननं गुणा. दोन्हींची बेरीज करा. ही बेरीज ज्या कोनाचा कोसाइन आहे तो कोन अंशांत काढा आणि त्याला १११.२ नं गुणा, कारण बृहद्‌वृत्तावरचा एक अंश सुमारे १११.२ किमी भरतो. दक्षिण अक्षांश उणे धरायचे.

वरच्याच जोडीवर करून पाहू. हेलसिंकीचा विमानतळ ६०.३ अंश उत्तर, अँकरेजचा ६१.२ अंश उत्तर, रेखांशांतला फरक १७५ अंश. पहिला गुणाकार ०.७६१ येतो, दुसरा उणे ०.२३८. बेरीज ०.५२३. त्याचा कोन सुमारे ५८.५ अंश, आणि गुणाकार सुमारे ६,५०० किमी.

संगणकावर मोजणारे बहुधा हॅव्हरसाइन सूत्र वापरतात, कारण दोन ठिकाणं अगदी जवळ असतील तेव्हा ते जास्त नेमकं उत्तर देतं. दूरच्या शहरांसाठी वरची रीत उत्तम चालते.

मग वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे का दिसतात?

तीन कारणं नेहमीची. कुणी शहराच्या मध्यापासून मोजतं, कुणी विमानतळापासून. टोकियोचा हानेदा विमानतळ शहराला लागून आहे, तर नारिता ६० किमीहून जास्त लांब. दुसरं, पृथ्वी अगदी गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. ती पूर्ण गोल मानून काढलेल्या अंतरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. १०,००० किमीवर तो ५० किमी झाला.

तिसरं कारण एककाचं. विमानवाहतुकीत सागरी मैल वापरतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी, तर जमिनीवरचा मैल १.६०९ किमी. "३,००० मैल" असं लिहिलेलं असेल तर कोणते मैल ते आधी बघा. दोन्हींत सातशेहून अधिक किलोमीटरांचा फरक पडतो.

अंतर कळलं. त्यावरून तासांचा अंदाज कसा बांधायचा?

किलोमीटरला ८५० नं भागा आणि वर अर्धा तास घाला. लंडन–न्यूयॉर्क सुमारे ५,५४० किमी आहे. भागाकार साडेसहा, अधिक अर्धा, म्हणजे सात तास. प्रत्यक्षात पूर्वेकडे येताना साडेसहा-सातच्या आसपास आणि पश्चिमेकडे जाताना साडेसात-आठच्या आसपास लागतात. म्हणजे हा अंदाज मधोमध पडतो.

८५० हा आकडा हवेतून आलेला नाही. आजची लांब पल्ल्याची विमानं आवाजाच्या वेगाच्या सुमारे ८५ टक्के वेगानं जातात. ११ किमी उंचीवर हवेचं तापमान उणे ५६ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि तिथे आवाजाचा वेग ताशी सुमारे १,०६० किमी भरतो. त्याचे ८५ टक्के म्हणजे ९०० किमी. चढणं, उतरणं आणि वाटेतली वळणं यांत थोडा वेग जातो, म्हणून हिशोबाला ८५० धरायचे.

तिकिटावर आठ तास लिहिलेत, पण वैमानिकानं सात तास वीस मिनिटं सांगितली. खरं काय?

दोन्ही खरं. तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो. विमान जागेवरून हललं की तो सुरू होतो आणि पलीकडे जागेवर थांबलं की संपतो. त्यात धावपट्टीपर्यंतचा प्रवास, रांगेत थांबणं आणि उतरल्यावर गेटपर्यंत येणं हे सगळं धरलेलं असतं. वैमानिक सांगतो तो बहुधा हवेतला वेळ असतो.

वेळापत्रक आखताना कंपन्या थोडा वेळ राखीवही ठेवतात. त्यामुळे अर्धा तास उशिरा निघालेलं विमान कित्येकदा वेळेवर पोहोचतं. वैमानिक वेग फारसा वाढवत नाही. वेग वाढवला की इंधनाचा खर्च भराभर चढतो आणि हाती लागतात थोडीच मिनिटं.

जाताना आणि येताना वेगवेगळा वेळ का लागतो? अंतर तर तेच आहे.

या पानावरचा माझ्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच.

विमानाचा ताशी ९०० किमी हा वेग हवेच्या संदर्भातला आहे. ती हवा स्वतः स्थिर नसते. मध्यम अक्षांशांवर ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे अरुंद पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. वेग ताशी दीडशे-दोनशे किमी हे त्यांचं रोजचं, आणि कधीकधी तो ३०० च्या पुढे जातो. पूर्वेकडे जाणारं विमान या वाऱ्याच्या पाठीवर बसतं, पश्चिमेकडे जाणाऱ्याला तो छातीवर घ्यावा लागतो.

जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. आपले निष्कर्ष जगापर्यंत पोहोचावेत म्हणून त्यांनी ते एस्पेरांतो या जगभरच्या लोकांसाठी मुद्दाम घडवलेल्या भाषेत छापले, पण ती भाषा वाचणारे फार थोडे होते, आणि एवढं मोलाचं काम कित्येक वर्षं बाहेर कुणाला माहीतच झालं नाही.

वाऱ्याचा हा पक्षपात विमानांच्या इतिहासात ठळक दिसतो. जॉन अल्कॉक आणि आर्थर ब्राउन यांनी १९१९ च्या जूनमध्ये न थांबता अटलांटिक ओलांडला तो न्यूफाउंडलंडहून आयर्लंडकडे, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे, आणि त्यांना सुमारे १६ तास लागले. त्याच महासागरावरून विमानानं न थांबता उलट दिशेला जायला १९२८ चा एप्रिल उजाडला. 'ब्रेमेन' नावाच्या त्या विमानाला आयर्लंडहून कॅनडाच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटापर्यंत पोहोचायला सुमारे ३६ तास लागले. मध्ये नऊ वर्षं गेली. पुढे ४ ऑक्टोबर १९५८ रोजी लंडन–न्यूयॉर्क मार्गावर प्रवासी जेट विमानं सुरू झाली, तेव्हाही लंडनकडे येणारं विमान थेट आलं आणि न्यूयॉर्ककडे जाणाऱ्याला कॅनडातल्या गॅन्डरला इंधनासाठी उतरावं लागलं.

अलीकडचं उदाहरण फेब्रुवारी २०२० चं. वादळामुळे जेट स्ट्रीम कमालीचा जोरात होता. न्यूयॉर्कहून निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या संदर्भात त्याचा वेग ताशी १,३०० किमीच्या पुढे गेला होता. आवाजाचा वेग मोडला का, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. नाही. भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगानं चाललं होतं. हवाच त्याला घेऊन धावत होती.

उत्तर गोलार्धात हिवाळ्यात हे वारे जास्त जोरदार असतात. म्हणून त्याच मार्गाचं हिवाळी वेळापत्रक आणि उन्हाळी वेळापत्रक यांत फरक दिसतो. विमानांचा उन्हाळी हंगाम मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो, हिवाळी हंगाम ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी.

जाता-येता मिळून वाऱ्याचा फायदा-तोटा फिटतो का?

फिटत नाही, आणि हे गणित मला फार आवडतं. ६,००० किमीचा मार्ग, विमानाचा वेग ९००, वारा १००. पाठवाऱ्यानं वेग १,००० होतो आणि ६ तास लागतात. समोरच्या वाऱ्यात वेग ८०० होतो आणि साडेसात तास लागतात. एकूण साडेतेरा. वारा नसता तर दोन्ही वेळा ६ तास ४० मिनिटं, म्हणजे १३ तास २० मिनिटं. दहा मिनिटांचा तोटा. कारण सोपं आहे: समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, पाठीवरच्या वाऱ्यात कमी.

पृथ्वी फिरते, त्यामुळे पश्चिमेकडे जाणारं विमान लवकर पोहोचायला नको का?

पृथ्वी खालून सरकतेय आणि विमान वर अधांतरी आहे, असं चित्र डोळ्यांसमोर येतं, म्हणून हा प्रश्न पडतो. पण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, आणि धावपट्टीवर उभं असताना विमानही त्याच वेगानं फिरत असतं. उडाल्यावर तो वेग गळून पडत नाही. धावत्या आगगाडीत तुम्ही उडी मारली तर मागच्या डब्यात जाऊन पडत नाही, तसंच हे. पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध येतो तो दुसऱ्या मार्गानं: वर सांगितलेले वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामागे विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या तापमानातला फरक आणि पृथ्वीचं परिवलन ही दोन कारणं आहेत.

विमान नेहमी सर्वांत जवळच्या वाटेनं जातं का?

क्वचितच अगदी तंतोतंत. पहिलं कारण वारा. चारशे किलोमीटर जास्त जाऊन पाठवारा मिळत असेल तर लांबची वाट लवकर संपते. उत्तर अटलांटिकवर तर त्या-त्या दिवसाच्या वाऱ्यांनुसार रोज नवे मार्ग आखले जातात, पूर्वेकडे जाणाऱ्यांसाठी वेगळे आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी वेगळे.

दुसरं कारण सुरक्षिततेचं. पूर्वी दोन इंजिनांच्या विमानांना एका इंजिनावर साठ मिनिटांत एखाद्या विमानतळावर पोहोचता येईल असाच मार्ग धरावा लागे. महासागर पार करायला म्हणून तीन-चार इंजिनांची विमानं असत. इंजिनं भरवशाची होत गेली तशी ही मर्यादा सैल झाली. १९८५ मध्ये १२० मिनिटांची परवानगी मिळाली, आणि एअरबस ए३५० ला २०१४ मध्ये ३७० मिनिटांपर्यंतची. डोंगरांचंही बंधन असतं. विमानातला हवेचा दाब कमी झाला तर ते पटकन खाली, सुमारे तीन किलोमीटर उंचीवर आणावं लागतं. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार किलोमीटर आहे, म्हणून बहुतेक विमानं ते टाळतात.

तिसरं कारण माणसांनी घातलेल्या सीमा, आणि वेळेवर सर्वांत मोठा घाव तेच घालतात. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश अनेक युरोपीय कंपन्यांना बंद झालं. हेलसिंकी–टोकियो अंतर सुमारे ७,८०० किमी, तिथे आधी नऊ-साडेनऊ तास लागत. आता विमानं एकतर ध्रुवाकडून किंवा दक्षिणेकडून फिरून जातात आणि तेरा तासांच्या आसपास वेळ लागतो. शहरं जागची हलली नाहीत, तरी चार तास वाढले. शीतयुद्धातही हेच होतं. युरोपातून टोकियोला जाणारी विमानं अलास्कातल्या अँकरेजला थांबून जात. कोपनहेगन–अँकरेज–टोकियो ही ध्रुवावरून जाणारी सेवा १९५७ साली सुरू झाली होती.

दोन्हीकडच्या वेळा दिल्या आहेत. त्यावरून प्रवासाचे तास कसे काढायचे?

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या ठिकाणची स्थानिक वेळ असते. हे वाक्य लक्षात ठेवलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं: दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत आणा आणि मगच वजाबाकी करा.

समजा, हिवाळ्यात टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघायचं आहे आणि लॉस एंजेलिसला त्याच तारखेला सकाळी १० ला पोहोचायचं आहे. निघण्याआधीच पोहोचलो, असं वाटतं. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे आहे, म्हणून निघण्याची वेळ यूटीसीनं सकाळी ८. लॉस एंजेलिस हिवाळ्यात ८ तास मागे आहे, म्हणून पोहोचण्याची वेळ यूटीसीनं संध्याकाळी ६. प्रवास १० तासांचा. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली म्हणून तारीख मागे आली. परतताना हीच रेषा एक अख्खी तारीख गिळते.

वाररेषेचं सर्वांत सुंदर उदाहरण सामोआ आणि अमेरिकन सामोआ. दोघांत विमानाचं अंतर सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास, प्रवास अर्ध्या तासाचा, आणि घड्याळात फरक पूर्ण २४ तासांचा. सामोआनं २०११ च्या अखेरीस ३० डिसेंबर ही तारीख वगळून वाररेषेची बाजू बदलली. त्यामुळे सामोआहून शनिवारी निघालेला माणूस पलीकडे शुक्रवारी उतरतो.

दोन सावधगिऱ्या. सगळे देश पूर्ण तासांच्या फरकानं चालत नाहीत. भारत साडेपाच तास पुढे आहे, नेपाळ पावणेसहा. आणि उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणारे देश ते एकाच दिवशी करत नाहीत. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी करते, युरोप मार्चच्या शेवटच्या. त्यामधले दोन-तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्कमधला नेहमीचा पाच तासांचा फरक चारच तासांचा होतो.

तिकिटावर "+१" लिहिलंय, त्याचा अर्थ काय?

निघण्याच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी पोहोचणार. "+२" असेल तर त्याच्याही पुढच्या दिवशी.

याच्याशी जोडलेली एक चूक मी जवळच्या माणसांकडून होताना पाहिली आहे, म्हणून जरा ठासून सांगतो. १५ तारखेला रात्री ००:३० चं विमान म्हणजे १४ तारखेच्या रात्री घरातून निघायचं. १५ च्या संध्याकाळी सामान भरायला घेतलं तर विमान जवळजवळ एक दिवस आधीच गेलेलं असतं. मध्यरात्रीनंतरचं तिकीट हातात आलं की कॅलेंडरवर आदल्या दिवसाच्या चौकोनात लिहून ठेवा: "आज रात्री निघायचं."

जगात सर्वांत लांब न थांबता जाणारं विमान कोणतं?

प्रवाशांच्या नियमित सेवांत सिंगापूर–न्यूयॉर्क. अंतर सुमारे १५,३०० किमी, वेळ साडेअठरा-एकोणीस तास. त्यासाठी खास एअरबस ए३५० विमानं वापरतात, ज्यांत नेहमीच्या १,४१,००० लीटरऐवजी १,६५,००० लीटर इंधन मावतं. पर्थ–लंडन हा सुमारे १४,५०० किमीचा मार्ग मार्च २०१८ मध्ये सुरू झाला.

सिडनी–लंडन सुमारे १७,००० किमी आहे. क्वांटास कंपनीनं २०१९ मध्ये चाचणी म्हणून मोजकीच माणसं घेऊन लंडनहून सिडनीपर्यंत न थांबता उड्डाण केलं, त्याला १९ तास १९ मिनिटं लागली. डिसेंबर १९४७ मध्ये याच कंपनीचं सिडनी–लंडन विमान सहा ठिकाणी थांबत चार दिवसांनी पोहोचलं होतं, त्यांत कोलकाता आणि कराचीही होते. तिकिटाचे प्रवासी न घेता एखादं विमान किती जाऊ शकतं तेही पाहिलं गेलंय: २००५ मध्ये एक बोइंग ७७७ हाँगकाँगहून पूर्वेकडे फिरून लंडनला गेलं, २१,६०२ किमी, २२ तास ४२ मिनिटं.

मग सगळीकडे थेट विमानं का नाहीत?

इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. पंधरा तासांनंतर लागणारं इंधन विमानाला पहिल्या मिनिटापासून उचलून न्यावं लागतं आणि त्या वजनापायी आणखी इंधन जळतं. शिवाय वजन वाढलं की प्रवासी आणि माल कमी घ्यावे लागतात. चार वैमानिक लागतात, त्यांच्या झोपेची सोय लागते. इतकं करूनही जागा भरतील इतके प्रवासी रोज असायला हवेत.

विमानतळाची उंचीही आडवी येते. इथिओपियाची राजधानी आदिस अबाबा समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटरवर आहे. तिथली हवा विरळ, त्यामुळे टाक्या पूर्ण भरून उडणं अवघड. म्हणून तिथून वॉशिंग्टनला जाणारं विमान वाटेत इंधनासाठी थांबत आलं आहे, पण सखल भागातल्या वॉशिंग्टनहून परतताना ते थेट येतं.

नॉन-स्टॉप आणि डायरेक्ट यांत फरक आहे?

आहे. नॉन-स्टॉप म्हणजे मध्ये कुठेही न उतरणारं. डायरेक्ट म्हणजे फ्लाइट नंबर एकच, पण मध्ये विमान उतरू शकतं. तिकीट घेताना थांब्यांची संख्या वाचा, शब्दावर जाऊ नका.

विमान बदलायचं असेल तर पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर घ्या. मग पहिलं विमान उशिरा आल्यामुळे पुढचं चुकलं तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीवर येते. दोन वेगळी तिकिटं असतील तर मधले तास भरपूर ठेवा, कारण सामान घेऊन पुन्हा द्यावं लागेल आणि कदाचित त्या देशात प्रवेशाची परवानगीही लागेल.

विमानं आता पूर्वीपेक्षा वेगवान झाली आहेत का?

नाही. प्रवासी जेटचा वेग १९६० च्या दशकापासून जवळजवळ तोच आहे. आवाजाच्या वेगाजवळ गेलं की हवेचा विरोध झपाट्यानं वाढतो. कॉन्कॉर्ड या प्रवासी विमानानं ती भिंत, म्हणजे आवाजाचा वेग, ओलांडली होती. ७ फेब्रुवारी १९९६ रोजी ते न्यूयॉर्कहून लंडनला २ तास ५३ मिनिटांत आलं. १९७६ ते २००३ अशी सत्तावीस वर्षं ते प्रवासी नेत होतं. इंधनाचा प्रचंड खर्च आणि जमिनीवर ऐकू येणारा धमाका यांनी त्याला मोजक्या मार्गांत अडकवलं. वाचलेला वेळ आज मिळतो तो वेगातून नव्हे, थांबे कमी झाल्यामुळे.

प्रवासाच्या तासांवरून जेटलॅगचा अंदाज येतो का?

जेटलॅग म्हणजे घड्याळ बदलल्यामुळे झोपेचं चक्र बिघडणं. त्याचा अंदाज तासांवरून नाही, किती कालविभाग ओलांडले त्यावरून येतो. फ्रँकफर्ट–जोहान्सबर्ग साडेदहा तासांचा प्रवास, पण उत्तर-दक्षिण असल्यानं घड्याळात हिवाळ्यात एकच तासाचा फरक. उतरल्यावर अंग आंबलेलं असेल, झोपेचं चक्र मात्र जागेवर राहतं. पूर्व-पश्चिम प्रवासात साधारण एका कालविभागाला एक दिवस असा सावरण्याचा हिशोब धरतात. बहुतेकांना पश्चिमेकडे जाणं सोपं जातं, कारण शरीराचं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब असतं आणि उशिरापर्यंत जागणं त्याला लवकर झोपण्यापेक्षा जमतं. सकाळी उतरणार असाल आणि दुसऱ्या दिवशी महत्त्वाचं काम असेल, तर मी तरी एक दिवस मोकळा ठेवूनच तिकीट काढीन.

न्यायला येणाऱ्यांना कोणती वेळ सांगावी?

उतरण्याच्या ठिकाणची स्थानिक वेळ, तारीख आणि वार, तिन्ही सांगा. सोबत फ्लाइट नंबर द्या, म्हणजे विमान वाटेत कुठे आहे ते त्यांना फोनवर बघता येईल. आणि विमान टेकलं म्हणजे माणूस बाहेर आला असं नाही. गेटपर्यंतचा प्रवास, पासपोर्टची रांग आणि सामानाचा पट्टा यांत एक तास सहज जातो, एकाच वेळी तीन-चार मोठी विमानं उतरली असतील तर जास्तही. वयस्क माणूस एकटा येत असेल तर व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा आणि त्याच्या खिशात न्यायला येणाऱ्याचं नाव नि नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण इतक्या तासांनंतर फोनची बॅटरी बहुतेक वेळा संपलेली असते.